साळवे मॅडमची हजेरी

आमच्या ऑफिसात रोज सकाळी साडेदहाला हजेरी व्हायची, पण ती माणसांची नव्हती. माणसं कधीही यायची. श्रीरामपूरच्या एमआयडीसीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये कोण किती वाजता उगवलं हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. हजेरी व्हायची ती कंपायलरच्या तक्रारींची, आणि ती घ्यायच्या साळवे मॅडम. त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात त्यांना जितक्या शिव्या घातल्या असतील तितक्या दुसऱ्या कुणाला घातलेल्या नाहीत. आज त्यांच्यावर लिहायला बसलोय तरी माझं डोकं तापलेलंच आहे.

आधी आमचा धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं बनवत होतो. फॅट मशीन, दुधाचा काटा, आकडा दाखवणारा बोर्ड, आणि जोडीला साखर कारखान्यातल्या वजनकाट्याचा डिस्प्ले. या सगळ्यांच्या पोटात सी भाषेत लिहिलेली एकच सामाईक लायब्ररी होती. आकडा वाचायचा, दुरुस्त करायचा, बोर्डावर पाठवायचा, हे काम सगळ्याच यंत्रांना लागतं, म्हणून ते एकदाच लिहून ठेवलेलं. कितीतरी वर्षांत ज्याला जसं सुचलं तसं त्यानं त्यात ठिगळ लावलं होतं. आम्ही तिला गोधडी म्हणायचो.

लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. हा काम करता करता कुरकुरतो. इथं मोठा आकडा लहान जागेत कोंबताय, इथं किंमत न ठरवताच आकडा वापरताय, असं सांगत राहतो. त्या कुरकुरीला वॉर्निंग म्हणतात. वॉर्निंग आली तरी यंत्र चालतं, त्यामुळे कुणी तिकडे फारसं लक्ष देत नाही. आमच्या कंपनीत तर ‘चालतंय ना?’ हा सगळ्यात मोठा प्रश्न होता, आणि ‘चालतंय’ म्हटलं की मालक दादांच्या दृष्टीनं तो विषय संपायचा.

फक्त मॅडमच्या दृष्टीनं संपायचा नाही.

एस्तेर साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. कोल्हारच्या. बुटक्या, सडपातळ, सुती साडी, पाठीवर कॉलेजच्या पोरींसारखी सॅक. एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये त्या शिकवायच्या. ते बंद पडलं आणि पन्नाशी ओलांडल्यावर त्या आमच्याकडे आल्या. रोज एसटीनं यायच्या. खिडकीपाशी बसून कोडचे छापील कागद वाचायचे, लाल पेन्सिलीनं खुणा करायच्या, आणि वाचून झालेल्या कागदांत पेरू बांधायचे, हा त्यांचा नेम. पेरू मात्र राहात्याचाच लागे. दुपारी तिखटमीठ लावून फोडी करायच्या, सगळ्यांना द्यायच्या, आणि मग कुणी ओल्या हातानं कीबोर्डला शिवला की त्याची चंपी. संगणकापाशी येताना चपला बाहेर. या चपलांवरून माझा आणि त्यांचा पहिल्याच आठवड्यात खटका उडाला होता.

“मॅडम, हे काय देवघर आहे का?”

“देवघर न्हाई. पण तुझ्या बुटाला गाळ आहे, आणि उद्या फरशी तू पुसणार नाहीस, मंदाबाई पुसणार आहेत.”

एरवी त्या शुद्ध मराठी बोलायच्या. शिकवायची सवय. राग आला की मात्र कोल्हार जिभेवर यायचं. ‘न्हाई’ ऐकू आलं की आम्ही सावध व्हायचो, आणि ‘लई शाना झालास’ आलं की त्या दिवशी वेळेवर घरी जाणं विसरायचं.

हजेरी अशी असायची. त्या साडेदहाला सगळी गोधडी नव्यानं कंपाइल करायला लावायच्या. जुन्या चिपसाठी एकदा, काट्याच्या चिपसाठी एकदा, आणि ऑफिसच्या संगणकावर एकदा. “तीन दारांतून आत जाऊन बघायचं. एका दारातून घर नीट दिसतं म्हणून नीट नसतं.” मग जितक्या वॉर्निंग येतील तितक्या एकानं मोठ्यानं वाचायच्या. फाइल, ओळ, तक्रार. ज्याची ओळ असेल त्यानं ‘हजर’ म्हणायचं आणि उभं राहून खुलासा करायचा. आम्ही तिशीतली, लग्नं झालेली, पोराबाळांची माणसं, आणि शाळेतल्यासारखे उभे राहून ‘हजर’ म्हणत होतो. एकदा दादांचे व्याही ऑफिस बघायला आले आणि नेमके त्याच वेळी मी उभा होतो. त्यांना वाटलं मला शिक्षा झालीय.

“मॅडम, ही निरुपद्रवी आहे,” मी म्हणायचो.

“निरुपद्रवी आहे ना? मग काढून टाकायला तुझं काय जातंय?”

“नंतर काढतो.”

“नंतर म्हणजे कोणता वार?”

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. वार सांगेपर्यंत बसू द्यायच्या नाहीत. आपण सुटकेसाठी काहीतरी ‘गुरुवार’ म्हणून टाकायचं, आणि गुरुवारी साडेदहाला त्या पहिलं तेच विचारायच्या. त्यांच्याजवळ वही नव्हती, यादी नव्हती, सगळं डोक्यात. अशा माणसाबरोबर काम करणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

‘देवाच्या दयेनं चाललं एकदाचं’ असं त्यांच्यापुढं बोलायची सोय नव्हती. स्वतः दर रविवारी न चुकता चर्चला जाणारी बाई, नाताळात डबा भरून करंज्या आणणारी, पण कोड चालला की म्हणायच्या, “का चाललं ते सांग. न चालल्याचं कारण शोधतो तसं चालल्याचंही शोधावं. त्याला कशाला मधे घेतो, त्याला दुसरी कामं आहेत.”

एकदा ऐन हंगामात एका साखर कारखान्यावरून फोन आला. आमचा नवा डिस्प्ले उसाचं वजन वेड्यासारखं दाखवत होता. भरलेली ट्रॉली काट्यावर चढली की बोर्डावर एखाद्या पोत्याचं वजन, आणि रिकामी चढली की आख्ख्या डोंगराचं. काटा आकडा एका टोकाकडून पाठवायचा आणि नव्या बोर्डाची चिप तो दुसऱ्या टोकाकडून वाचायची. बारा सांगावेत आणि समोरच्यानं एकवीस ऐकावेत, तसा प्रकार. याची वॉर्निंग हजेरीत येऊन गेली होती. ओळ माझीच होती आणि मी वार सांगितला होता, पण तो वार यायच्या आतच दादांनी बोर्ड पाठवून दिला होता.

मी आणि मॅडम गेलो. फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. मॅडमनी ऑइलचा रिकामा डबा पालथा घातला, त्यावर बसल्या आणि मांडीवर लॅपटॉप घेतला. दहा मिनिटांत भोवती ड्रायव्हरांचं कडं.

“ओ बाई, सकाळधरनं हितंच हाय आमी. ऊस वाळून चिपाड व्हायला लागलाय.”

“मीपण इथंच बसणार आहे, भाऊ. तुमचा ऊस वाळतोय तशी मीही वाळते.”

“आवो पन किती येळ?”

“खरं सांगू का खोटं?”

“खरंच सांगा.”

“दोन तास.”

“मंग खोटं किती हाय?”

“दहा मिनिटं. ते हे साहेब सांगतील.” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. सगळं कडं हसलं. मी हसलो नाही, कारण मी खरोखरच तेच सांगणार होतो. माझं म्हणणं होतं, बोर्डाच्या कोडमध्ये आकडा इथल्या इथं उलटून टाकू आणि सुटू. मॅडमचं म्हणणं होतं, दोष गोधडीत आहे, तर तो गोधडीतच निघेल; नाहीतर पुढच्या यंत्रात पुन्हा कुणीतरी ऑइलच्या डब्यावर बसेल. दोन तास म्हणाल्या होत्या, अडीच लागले. त्या अडीच तासांत ड्रायव्हरांच्या शिव्या मी खाल्ल्या आणि त्यांनी दिलेला गूळ मॅडमनी खाल्ला. परत येताना गाडीत मी अवाक्षर बोललो नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्या झोपून गेल्या.

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी की पुढं मी जे केलं ते काय वैतागातून केलं हे कळावं. सबब म्हणून सांगतोय असं कुणाला वाटलं तर तेही खरंच आहे.

जुनी चिप बाजारात मिळेनाशी झाली आणि दादांनी फॅट मशीनसाठी नवी चिप घ्यायचं ठरवलं. गोधडी नव्या कंपायलरमधून पहिल्यांदा काढली तर तीनशेच्या वर वॉर्निंग. मॅडमच्या तोंडावर तेज आलं. लग्नघरात पोत्यानं गहू निवडायला आल्यावर काही बायकांना येतं तसं. त्यांनी तीन आठवडे मागितले, दादांनी आठ दिवस दिले. आणि त्याच आठवड्यात मॅडमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं.

“पुढं ढकलते मी,” त्या म्हणाल्या.

“नका ढकलू मॅडम,” मी म्हणालो. “मी करतो ना.” त्या क्षणी मी खरंच करणार होतो.

पहिल्या दोन दिवसांत मी साठेक काढल्या. एक काढली की दुसऱ्या ठिकाणी दोन उगवत. तिसऱ्या दिवशी दादा येऊन माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. “चालतंय ना?” मी म्हणालो, “चालतंय, पण वॉर्निंग…” “चालतंय तर पाठव की. माणसं ताटकळलीत तिकडं.” ते गेल्यावर मी कंपायलरला एक अक्षर जास्तीचं दिलं. त्या अक्षराचा अर्थ, तोंड बंद ठेव. बटण दाबलं. कुरकुर शून्य. आठवड्यानं हे अक्षर काढू आणि उरलेल्या निस्तरू, असं मी स्वतःला सांगितलं. कोणता वार ते नाही सांगितलं.

दहा-बारा दिवसांनी मॅडम आल्या. काळा चष्मा, आणि दुसराही डोळा करायचा असल्यानं स्क्रीनकडे बघायला डॉक्टरांची तीन महिने बंदी. तरी साडेदहाला खुर्ची ओढून बसल्या. आता हजेरी वाचायचं काम माझ्याकडे आलं होतं.

“वाच.”

“शून्य, मॅडम.”

“तिन्ही दारांतून?”

“तिन्ही.”

 त्यांनी सॅकमधून पेरू काढला आणि अख्खा माझ्या हातात दिला. “मला वाटलं न्हवतं रे तुझ्यानं होईल,” म्हणाल्या. रागात नव्हत्या, तरी कोल्हार जिभेवर आलं होतं. दोन-अडीच महिने रोज साडेदहाला मी ‘शून्य’ म्हणत राहिलो आणि त्या मान हलवत राहिल्या. मला आजही याचा संताप येतो. आयुष्यभर कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या बाईला नेमका माझ्यावरच ठेवायला कुणी सांगितलं होतं?

पुढचा फोन राहात्याजवळच्या एका गावातून आला. तिथल्या दूध संस्थेत संगीताताई संकलन करायच्या. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, मशीनवर फॅट लावायची, म्हणजे ज्यावर भाव ठरतो तो स्निग्धांश बघायचा, आकडा पावतीवर द्यायचा. आमचं नव्या चिपचं मशीन त्यांच्याकडे गेलं होतं. ते आल्यापासून गावाच्या दुधाला फॅट वाढली. लोक खूश. म्हणायचे, नवं मशीन खरं बोलतं, जुनंच लुटत व्हतं. पण तेच दूध टँकरनं वर तालुक्याच्या दूध संघात गेलं की तिथं फॅट कमी भरायची. दोन महिने असं झाल्यावर संघानं पत्र धाडलं की तुमची संकलन करणारी बाई आकडे वाढवून लिहिते. संस्थेनं संगीताताईंना नोटीस दिली. शनिवारच्या मीटिंगपर्यंत खुलासा करा, नाहीतर काम सोडा, आणि पोलिसांत तक्रार जाईल.

“मी वाढवून लिवायला मशीन काय माझ्या बापाचं हाय का?” त्या फोनवर रडत नव्हत्या, भांडत होत्या. “जो आकडा दिसतो त्यो मी लिवते. मशीन तुमचं हाय, तुमी तरी येऊन सांगा.”

दादांनी फोन ठेवला. “मशीनला काही होत नाही. बाईच गडबड करत असेल.”

दुसऱ्या दिवशी मॅडम ऑफिसला न येता परस्पर एसटीनं त्या गावाला गेल्या. एकाच किटलीतलं दूध त्यांनी त्या मशीनवर लावलं आणि शेजारच्या गावातल्या आमच्याच जुन्या मशीनवर लावलं. नव्यावर चार पॉइंट तीन, जुन्यावर साडेतीन. मशीन उलटं करून खालची चिठ्ठीही वाचून आल्या. प्रत्येक सेन्सरची थोडी खोड असते, आणि सेन्सर बनवणारा ती चिठ्ठीवर लिहून देतो. कुठं ‘अधिक दोन’, कुठं ‘वजा तीन’, म्हणजे फॅटचे तितके दशांश. आम्ही तो आकडा मशीनमध्ये भरायचो. ऑफिसच्या टेबलावरचं मशीन अधिक दोनचं होतं, म्हणून तिथं सगळं बरोबर आलं होतं. संगीताताईंचं वजा तीनचं निघालं.

त्यानंतरच्या सकाळी साडेदहाला मॅडम बसल्या आणि त्यांनी मला नेहमीसारखं वाचायला सांगितलं.

“शून्य,” मी म्हणालो. 

“बरं. आता मी वाचते.”

त्यांनी काळा चष्मा काढला. माझं ते जास्तीचं अक्षर त्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी येऊनच काढून टाकलं होतं. स्क्रीनवर अक्षरं बोटाएवढी मोठी केलेली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते औषधाचं होतं. एकेक ओळ वाचत त्या निम्म्यावर आल्या आणि थांबल्या.

“दुरुस्तीच्या फाइलमधे. ‘हा आकडा शून्यापेक्षा लहान आहे का, ही तुलना कधीच खरी ठरणार नाही.’ कुणाची?”

मी उठून उभा राहिलो.

“हजर,” मी म्हणालो.

इतकं सरळ लिहिलेलं होतं ते. जुन्या चिपवर त्या प्रकारच्या आकड्यात उणे बसायचं, नव्या चिपवर बसत नव्हतं. वजा तीन आत गेलं की त्याचा भलामोठा अधिक व्हायचा, आमचा कोड त्याला ‘फार मोठा झाला’ म्हणून अधिक पाचवर आणून ठेवायचा, आणि जिथं तीन पॉइंट वजा व्हायचे तिथं पाच वाढायचे. कंपायलर हे पहिल्या दिवसापासून सांगत होता आणि मी त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावली होती.

मला वाटलं, आता ‘लई शाना झालास’ येणार. ते आलं असतं तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “झालं नाही म्हणून सांगायचं होतंस. मी ऑपरेशन पुढं ढकललं असतं.”

दुरुस्ती एका शब्दाची होती. हा आकडा उणेही असू शकतो, असं सांगणारा एक शब्द. तो त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. मग त्या दादांच्या केबिनमध्ये गेल्या. पार्टिशन प्लायवूडचं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“सर्व्हिसिंग म्हणून सांगा आणि नवा प्रोग्राम टाकून या,” दादा म्हणत होते. “लेखी काही द्यायचं नाही.”

“मग त्या बाईचं काय?”

“मॅडम, एका बाईपायी कंपनी बुडवू का मी? इतके लोक पोट भरतात इथं.”

“नोटीस आल्यापासून ती चोर म्हणून फिरतेय गावात. तिनं काही केलेलं न्हाई.”

“तुम्ही कागद दिलात तर परत इथं यायचं कारण नाही.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. दिवसाची रजा मंजूर झाल्यावर म्हणतात तितक्या सहज म्हणाल्या.

शनिवारी दादांनी मला जीप दिली. मला बाजूला घेऊन म्हणाले, “त्यांना बोलू देऊ नको. तू बोल.” वाटेत मॅडम नेहमीप्रमाणे झोपल्या नाहीत. मांडीवरची कागदाची घडी धरून बाहेर बघत होत्या. मी विषय काढायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्यांनी मला रस्त्यातला खड्डा दाखवला.

दूध संस्थेच्या खोलीत चेअरमन आणि पाच-सहा सदस्य बसले होते. संगीताताई दाराशी उभ्या होत्या. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं.

“येवढंच सांगा,” चेअरमन म्हणाले, “मशीन बिघडल्यालं व्हतं का बाई खोटं लिवत व्हती?”

मी सुरुवात केली. विजेचा दाब कमीजास्त होतो, उन्हाळ्यात सेन्सर तापतो, तांत्रिक बाबी असतात. पाच मिनिटं मी काय बोललो ते मलाच कळलं नाही, तर त्यांना काय कळणार? मॅडमनी घडी उलगडली आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

“हे वाच.”

साध्या मराठीत लिहिलेलं होतं. मशीनमध्ये काय चूक होती. ती चूक आहे हे आम्हाला आधीच कसं सांगितलं गेलं होतं. संगीताताईंनी लिहिलेला प्रत्येक आकडा मशीननं दाखवलेलाच होता. आणि खाली, ती सूचना कुणी बंद केली. तिथं माझं नाव होतं. त्याच्याखाली, ‘लायब्ररीची जबाबदारी माझी होती, मी तपासलं नाही,’ आणि मॅडमची सही. मी माझ्या नावापाशी येऊन अडखळलो.

“वाचा की भाऊ,” दाराशी उभ्या संगीताताई म्हणाल्या. “नोटीस आल्यापास्नं सासू माझ्या हातचं पानी घेत न्हाई. वाचा.”

मी वाचलं. चेअरमननी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “म्हंजी तुमीच का ते?” मी मान हलवली. ते क्लार्कला म्हणाले, नोटीस फाडून टाक.

“फाडू नका,” मॅडम म्हणाल्या. “तिच्याच खाली लिहा, आरोप चुकीचा निघाला. आणि सगळ्यांनी सह्या करा. एक प्रत संघाला, एक हिच्या सासूबाईंना.”

हसावं की नाही ते कुणाला कळेना. पण सह्या झाल्या. संगीताताईंना खुर्ची दिली. त्या बसल्या, लगेच उठल्या, आणि संकलनाची वेळ झाली म्हणून पदर खोचून बाहेर गेल्या.

मी मशीनमध्ये नवा प्रोग्राम टाकला आणि जीपमध्ये येऊन बसलो. मॅडम आल्या नाहीत. “तू थांब, पहिल्या चार किटल्या बघून येते,” म्हणाल्या. पाच वाजले, रांग लागली. पहिली किटली लागली आणि बोर्डावर आकडा आला, तीन पॉइंट पाच.

“आँ? काल चार-तीन व्हती की!”

दुसरी. तीन पॉइंट चार.

“गाय तीच, पेंड तीच, आन् आज फॅट कमी कशी काय?”

“ही बया आली कंपनीची आन् मशीनमधी कायतरी करून ठिवलं तिनं!”

“संगे, तू बी सामील हायेस का हिला?”

बघता बघता घोळका झाला. आत सह्या केलेले सदस्य आता गर्दीत कुठंतरी होते, एकही जण बोलत नव्हता. मधोमध त्या दोघीच. संगीताताई मशीनसमोर हात आडवे धरून उभ्या होत्या. मॅडम बोर्डाकडे हात करून काहीतरी समजावत होत्या आणि त्यांचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. कुणीतरी बोलता बोलता हात उडवला आणि त्यांचा चष्मा खाली पडला. त्या वाकून चाचपत राहिल्या.

तेवढ्यात दादांचा फोन आला. त्यांना चेअरमनकडून सगळं कळलं होतं. “त्या साळवे बाईला सांग, सोमवारपासून येऊ नको. तू ये. चूक कुणाच्याही हातून होते, तू कामाचा माणूस आहेस.” मी हो दादा म्हणालो.

मॅडमना चष्मा सापडला होता. तो घालून त्यांनी डोक्यांवरून इकडे पाहिलं. इतक्या गलक्यातही त्यांची हाक मला स्वच्छ ऐकू आली.

“नितीन! इकडं ये. यांना सांग, कुणी केलंय ते!”

मी फोन कानाला धरला होता. तो तसाच धरून मी मान डोलवत राहिलो, मोकळा हात वर करून त्यांना ‘एक मिनिट’ म्हणून खुणावलं, आणि त्याच हातानं जीपची किल्ली फिरवली. पलीकडून दादांनी फोन केव्हाच ठेवला होता.